रोपांच्या खाटा

त्या आठवड्यात सूनबाईनं घरात भाताची रोपं मरायला ठेवली होती. संशोधन केंद्रातलं काचघर गळायला लागलं, म्हणून मातीचा एक ट्रे तिनं घरच्या सज्जात आणला. त्या मातीत तिनंच बुरशी कालवली होती. कोवळ्या रोपांचं बूड कुजवणं हाच त्या बुरशीचा धंदा. डावीकडचं साधं बियाणं मरायलाच हवं होतं. उजवीकडे होतं तिनं वर्षानुवर्षं खपून तयार केलेलं, बुडाशी जांभळं वाण. ते तगायला हवं होतं.

ते बघायला आज विभागप्रमुख घरी यायचे होते. केंद्रात त्यांना सगळे शंकासुर म्हणत. मागच्या खेपेला ते म्हणाले होते, "वाण चांगलं कशावरून? उजवीकडच्या मातीत बुरशीच नसेल!" आज हीच शंका उरली, तर वाण कायमचं गुंडाळायचं होतं.

सूनबाई मधले चार दिवस परगावी होती. आल्या आल्या ती सज्जात गेली. डावीकडची रोपं ताठ उभी होती. उजवीकडची झाडून सगळी आडवी.

"बाबा! ट्रेला हात लावला होतात?"

सासऱ्यांचं आयुष्य दवाखान्याच्या वॉर्डावर देखरेख करण्यात गेलं होतं. निवृत्त झाले, पण वॉर्ड काही डोक्यातून गेला नव्हता.

"अगं, तू गेलीस आणि डावीकडे दोघांनी माना टाकल्या. बाकीचे अजून हिरवे होते. म्हटलं, साथ पसरायच्या आत हलवावेत. उजवीकडे सगळे ठणठणीत, म्हणून तिकडे नेले."

"आणि उजवीकडचे?"

"ते डावीकडे. खाट रिकामी ठेवत नाहीत गं."

"बाबा, डावीकडचे मरायलाच ठेवले होते!"

"शुभ बोल गं बाई!"

तिनं रडकुंडीला येऊन नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "त्यात काय? ट्रे उलटा फिरव." तिनं फिरवला. कडेला चिकटवलेल्या नावाच्या चिठ्ठ्याही इमानदारीत फिरल्या. चिठ्ठी उपटायला तिनं नख लावलं, पण मन धजेना. तिनं ट्रे मुकाट्यानं पुन्हा सरळ केला. तेवढ्यात बेल वाजली.

शंकासुरांनी खिशातून भिंग काढलं. "साध्या बियाण्याच्या जागी जांभळी बुडं? ही तर तुझी रोपं!"

"सर, अदलाबदल झाली," ती कशीबशी म्हणाली. "डावीकडे दोघांनी माना टाकल्या, तेव्हा उरलेली साधी रोपं अजून धड असतानाच उजवीकडे लावली गेली."

"आणि तिथे जाऊन मेली?"

"हो."

"म्हणजे बुरशी तिथेही होती." ते बराच वेळ वाकून बघत राहिले. "आणि इतर जिथे माना टाकत होती, तिथे तुझी ताठ उभी आहेत. मग गुण मातीचा नाही. बियाण्याचाच."

सूनबाईला हे समजायला एक क्षण लागला. मग तिच्या छातीवरचा धोंडा असा उतरला की तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"अदलाबदलीची कल्पना कुणाची?"

"माझी," सासरे अपराधी चेहऱ्यानं पुढे झाले. "पण साहेब, उपचार फसला. हलवलेल्यांतला एकही वाचला नाही."

शंकासुरांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. "अभिनंदन! मला आता एकही शंका नाही!"

ते गेल्यावर सासरे बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"सूनबाई, उभा जन्म दवाखान्यात गेला माझा. पेशंट दगावल्यावर अभिनंदन करणारा नातेवाईक आज पहिल्यांदा बघितला."