सोल्युशनचा नमस्कार

मी डहाणूत चिकूच्या पेट्या ठोकतो. फळ्या आणि खिळे, बाकी काही नाही. पण तलासरीला माझं स्थळ सांगताना ललितमामाने "भाचा फर्निचरमध्ये आहे" असं ठोकून दिलं. मुलीचे वडील सूर्यकांतराव झरीच्या शाळेत मास्तर आणि मुलगी नीलम बारावी पास. मी आठवीतच शाळा सोडलेली. तिला बघायला गेलो तेव्हा मान वर करायचं धाडस झालं नाही. तिच्या चपला छान होत्या, एवढं सांगू शकतो. (तेवढ्यावरच मी हो म्हटलं होतं.)

आता रविवारी ती मंडळी आमचं घर बघायला येणार होती.

"घरात तुझ्या हातची एक तरी वस्तू दिसायला हवी," मामा म्हणाला.

"पेटी आहे की."

"गप. टीपॉय कर. वर सनमायका लाव, चकचकीत."

टीपॉय झाला. डुगडुगत होता, पण उभा होता. सनमायका चिकटवायला बाजारातून सोल्युशनचा डबा आणला. दुकानदार शेठने नीट समजावलं, "लाकडाला पण लाव, सनमायकाला पण लाव. सुकू दे. बोटाला लागेनासं झालं की मग दाबायचं. एक वार चोंटलं की खलास, देव आला तरी निघणार नाही."

"बरं," मी म्हणालो. कशाने फासायचं ते विचारायचं राहिलं. (दुकानात मला दुसरा प्रश्न विचारता येत नाही.)

म्हणून रविवारी परसात बसून दोन्ही तळहातांनी फासलं. टीपॉय, सनमायका आणि माझे हात, सगळे उन्हात सुकत ठेवले. थोड्या वेळाने हात चाचपले. बोटाला काहीच लागत नव्हतं. म्हटलं, हात तर स्वच्छ झाले.

इतक्यात पाहुणे वेळेआधीच आले, सोबत नीलमही. त्या दिवशी एसटी चारोटीला चहासाठी थांबलीच नाही, त्याला मी काय करणार? आईने मला पुढे ढकललं.

"तोंडातून शब्द फुटत नाही, तर निदान नमस्कार तरी नीट कर. दोन्ही हात घट्ट जोड."

जोडले. घट्ट.

सूर्यकांतरावांनी नमस्कार केला आणि हात खाली घेतले. माझे तसेच. त्यांना वाटलं आपलंच काही चुकलं, म्हणून त्यांनी पुन्हा नमस्कार केला. मग बसले, आणि मी समोर उभाच आहे असं पाहून अर्धवट उठून तिसऱ्यांदा केला.

"हात सोड की," मामा कानाशी म्हणाला.

"सुटत नाहीत."

"म्हणजे?"

"सुकले होते."

मामाने घसा खाकरला. "आमच्या भाच्याचं असंच आहे, मास्तर. वडीलधाऱ्यांसमोर त्याला हात सोडवतच नाहीत."

मास्तर भारावले. "हल्ली अशी मुलं कुठे राहिलीत? पण बसा हो, पोहे घ्या."

पोहे आईने चमच्याने भरवले. चहा बशीत ओतून तोंडाला लावला. मास्तरांचं भारावणं प्रत्येक घोटाला कमी होत गेलं.

"लहानपणापासून सवय आहे," मामा म्हणाला.

"अजून?" मास्तर म्हणाले.

मग त्यांनी फर्निचर बघायला मागितलं. परसात पिवळ्या चिकट्याने माखलेला टीपॉय होता आणि शेजारी उताणी पडलेली सनमायका. नीलमने आधी टीपॉय पाहिला, मग माझे हात.

"काकू," ती आईला म्हणाली, "घासलेट आहे का घरात?"

घासलेट होतं. आईने ते चोळून माझे हात सोडवले, तोवर पाहुणे एसटीत बसले होते. मी नीलमच्या चपला पाठमोऱ्या पाहिल्या.

उरलेल्या दुःखात मी सनमायका टीपॉयवर दाबून बसवली. वरून पाटा ठेवला. पण तोवर सोल्युशनची वेळ होऊन गेली होती. सकाळी सनमायका पापडासारखी अलगद सुटून आली.

चार दिवसांनी मामा तलासरीचा निरोप घेऊन आला.

"मुलगा नम्र आहे म्हणाले. पण मुलगी विचारते, लग्नात हार कोण घालणार?"

मी मामाला कोपरापासून हात जोडले. (लगेच सुटले.)