सेकंड बेसवरची टेसा

"अगं जोएलन, पोरीला बेसवर थांबायला शिकवतेस, तसं तिथून पळून यायलाही शिकव," असं ओपल व्हर्निकने मला एप्रिलमध्येच बजावलं होतं. तिची चार मुलं याच बेसबॉलच्या मैदानावर खेळून मोठी झाली. मी हसून सोडून दिलं. मी पदवीधर, नियम छापील वाचले होते आणि आठ वर्षांच्या टेसाकडून पाठही करून घेतले होते. अंपायर 'टाइम' म्हणाला की चेंडू मृत. मृत चेंडूवर धावणाऱ्याला कोणी बाद करू शकत नाही, पण त्यानेही बेस सोडून पुढे जायचं नाही. अंपायर 'प्ले' म्हणाला की चेंडू पुन्हा जिवंत.

शनिवारी सामना बरोबरीत होता, टेसा सेकंड बेसवर, म्हणजे उघड्या मैदानातल्या दुसऱ्या थांब्यावर होती, आणि ढग गडगडले. अंपायर लुंडक्विस्ट यांनी रीतसर 'टाइम' पुकारला. नियमानुसार सगळे आपापल्या गाडीत जाऊन बसले. टेसा नियमानुसार बेसवर राहिली.

मी लुंडक्विस्टांच्या ट्रकची काच ठोठावली.

"अहो, माझी मुलगी तिथे एकटी उभी आहे!"

"बघतोय ना." ते सूर्यफुलाच्या बिया चघळत होते. "पाय बेसवर आहे, उत्तम. अख्ख्या काउंटीत आत्ता तिच्याइतकं सुरक्षित कोणी नाही."

"मी विजेचं बोलतेय!"

"वीज कुठल्याच संघात नाही, बाई."

"मग 'प्ले' म्हणा, म्हणजे ती हलेल."

"शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं व्हायच्या आत?" ते दुखावले. "मुलांच्या जिवाशी खेळू मी?"

तेवढ्यात पुन्हा गडगडलं. त्यांनी घड्याळ शून्यावर आणलं.

मी कुंपण ओलांडून धावले. टेसाच किंचाळली, "आई, हात लावू नकोस! आपल्या माणसाने ओढलं तर मी आउट!"

"अगं, चेंडू मेलाय!"

"मग मी बेस कसा सोडू?"

गाड्यांतून हॉर्न वाजले. "शाबास टेसा!" कोच काच बोटभर खाली करून ओरडला. "बाई, पोरीचा रन घालवू नका!" आणखी कोणीतरी. मी परत फिरले. सांगायला लाज वाटते, पण थोडा अभिमानही वाटला.

आता घड्याळ चौथ्यांदा शून्यावर आलंय. माझी गाडी पार टोकाला आहे, इथून काही दिसत नाही. म्हणून स्कोअरच्या कागदामागे हे लिहून तुमच्याकडे पाठवतेय. तुमची गाडी कुंपणालगत आहे. मघाशी सगळ्यात मोठा हॉर्न तुमचाच होता. उतरू नका, नियम मोडू नका. फक्त काच पुसून एवढं सांगा, ती उभी आहे ना?