‘जाते’ म्हणणाऱ्या सिस्टर

बाळांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या मागून एक बाई "जाते" म्हणून निघून गेल्या आणि तुम्ही दोघं हसत सुटलात. निघताना ‘येते’ म्हणायचं, ‘जाते’ कधीच नाही, हे तुम्हाला मीच शिकवलेलं. मग त्यांना कसं चालतं, असं विचारलंत. उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहिते.

त्या आमच्या शेजारच्या वत्सला सिस्टर, घरात एकट्याच राहतात. इथं कळंबला मुलींना नर्सिंग शिकवतात. सकाळी ऑपरेशन होऊन संध्याकाळी घरी जाणारे पेशंट कसे सांभाळायचे, हा त्यांचा विषय. असा पेशंट दारात "येतो सिस्टर" म्हणाला की त्या अडवतात. "येतो न्हाय, जातो म्हणा. दवाखान्यात परत यायचंय व्हय?" ही सवय त्यांनी घरोघर नेली. एका बारशाहून "जाते" म्हणून निघाल्या, तेव्हा बाळाच्या आजीनं त्यांना परत बसवून चहा पाजला. चहा संपवून त्या पुन्हा "जाते" म्हणाल्या.

दुपारी मुलींचा सराव आमच्या अंगणात, लिंबाखालच्या बाजेवर चालतो. पेशंट अर्थात सिस्टर. भूल उतरत असलेला माणूस त्या असा वठवतात, की बघणाऱ्यालाही गुंगी यावी. पानांची सावली तोंडावरून सरकत असते, डोळे अर्धे मिटलेले, आणि मुली हळू आवाजात विचारतात, "मळमळतंय का? घोटभर पाणी घेता? घरी कोण आहे?"

"हायती समदे," सिस्टर पुटपुटतात.

"बरं," म्हणून मुलगी पुढं सरकली की पेशंट ताडकन उठून बसतो. "समदे म्हंजी कोण? नाव विचार, फोन लाव. भूल दिलेल्या माणसाला रात्री घरात एकटं ठेवायचं न्हाय. घरी जायला पेशंट लई खोटं बोलतंय."

एकदा त्या बाजेवर खरंच झोपल्या. शिल्पा नावाच्या मुलीनं नेहमीचं विचारलं, घरी कोण आहे? झोपेतूनच उत्तर आलं, "बाई हायत." मुली हसल्या. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यामुळं आमच्या गल्लीत ‘बाई’ म्हणजे मीच. मला ते नाटकच वाटलं.

यंदा त्यांच्याच हर्नियाचं ऑपरेशन झालं. मला पत्ता लागू दिला नाही. संध्याकाळी दवाखान्यातून शिल्पाचा फोन आला.

"बाई, आमचं पेशंट म्हणतंय, घरी बहीण आहे. नाव विचारलं तर तुमचं सांगितलं. तुम्ही सिस्टरांच्या बहीण आहात?"

मागून जडावलेला आवाज आला, "आगं, सोड की मला."

"तुम्हीच शिकवलंय, सिस्टर. खात्री केल्याबिगर सोडायचं न्हाय."

दोघीही माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.

"धाकटी आहे माझी," मी म्हटलं. "न्यायला येते."

दवाखान्याच्या दारात सिस्टर खणखणीत "जाते" म्हणाल्या. घरी आणून त्यांना माझ्या खोलीत झोपवलं. खिडकीतलं ऊन पिवळं होऊन भिंतीवर चढत होतं. त्या झोपेत आहेत की जाग्या, कळेना. पेज करायला उठले आणि गमतीनं त्यांच्याच ढंगात म्हटलं, "जाते हं."

त्यांनी डोळे न उघडता माझा पदर धरला. "येते म्हणा, बाई."

आता त्या बऱ्या आहेत. लिंबाखाली सराव चालू आहे. सगळीकडून निघताना त्या अजूनही ‘जाते’च म्हणतात. त्यांच्याकडून निघताना मला मात्र ‘येते’ म्हणावं लागतं. त्याशिवाय त्या दार उघडत नाहीत.