एक हजार दोनशे तेरावी वस्तू

चहा उकळून गाळेपर्यंत आपण चोर पकडून देऊ, असं भिंगरीने आईला छातीठोकपणे सांगितलं होतं. पंधरा वर्षं तिला कशाचीच खात्री नसायची. पण गेल्या महिन्यात शाळेत संगणक विषयात बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून तिच्याकडे खात्रीशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं. म्हणून शाळा सुटल्यावर बाईसाहेब दप्तरासकट आईच्या कामावर हजर!

अकरा मजली कचेरीच्या देखभालीचं काम आईकडे होतं, तेही तात्पुरतं. इमारतीतले दिवे, पडदे, कुलपं, लिफ्ट, सगळं एकाच जाळ्यात जोडलेलं. नोंदवहीत वस्तू एक हजार दोनशे बारा. स्क्रीनवर मात्र एक हजार दोनशे तेरा. म्हणजे कुठलंतरी परकं यंत्र जाळ्यात घुसलेलं. पाच वाजता तपासनीस येणार होते. आकडे जुळले तर आई कायम, नाही जुळले तर आई घरी.

आठ दिवस आईने अकरा मजले पालथे घातले होते. तिचा चेहरा उडालेल्या बल्बसारखा झाला होता.

"सगळे दिवे मोजलेस?"

"स्वप्नातसुद्धा मोजले."

"पाचव्या मजल्यावरचं माशांना खाणं टाकणारं यंत्र?"

"मोजलं. मासेही मोजले."

भिंगरीची नजर कोपऱ्यात बसलेल्या वॉचमनकाकांच्या मनगटावर गेली. नवं कोरं घड्याळ, त्यात हिरवा दिवा लुकलुकणारा.

"काका, घड्याळ काढा."

"लेकीने दिलंय गं बाळ. फक्त पावलं मोजतं."

"चोर असंच सांगतात."

काकांनी घड्याळ काढून दिलं. भिंगरीने ते बंद केलं. आकडा तेराचा तेराच. काका खुर्ची उचलून दाराबाहेर जाऊन बसले, आणि त्यांची पाठ तेवढी दिसत राहिली.

मग भिंगरीने युक्ती काढली: जाळ्यात कोण कुणाशी किती बोलतं ते बघायचं. दिवे दोन शब्द बोलून गप्प. कुलपं तर रुसून बसलेल्या आत्यांसारखी घुमी. पण एक वस्तू अशी, की ती सगळ्यांशी अखंड बोलत होती, आणि ती सांगेल ते सगळे निमूट ऐकत होते.

"सापडला! सगळ्यांना फितवून बसलाय."

"थांब गं, कंपनीला फोन करून विचारू."

"तू विचारशील तोवर तो पळेल."

"आठ दिवसांत नाही पळाला तो."

"साहेब लिफ्टमध्ये शिरले," काकांनी बाहेरूनच सांगितलं, मान न वळवता.

आई पदर सावरायला वळली, तेवढ्यात भिंगरीने बटण दाबून चोराला जाळ्याबाहेर हाकललं.

आकडा जुळला नाही. आकडाच गेला. त्यामागोमाग दिवे गेले. पडदे धाडकन खाली आले, अकरा मजल्यांची दारं एकापाठोपाठ एक खटाखट मिटली, आणि लिफ्ट सहाव्या-सातव्याच्या मधे थबकली.

काळोखात आई भिंतीवरच्या पेटीकडे वळली. भिंगरीने हाकललेला चोर म्हणजे हीच पेटी, त्या जाळ्याची कारभारीण. सगळ्यांना हुकूम तीच द्यायची, सगळ्यांना मोजायचीही तीच. आणि मोजताना ती स्वतःलाही धरायची. तिच्यावरच नोंदवही टेकवून आई आठ दिवस उरलेली दुनिया धुंडाळत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा.

"हिचं नाव वहीत घालायचं माझ्या डोक्यातच आलं नाही," आई म्हणाली. इतक्या शांतपणे, की भिंगरीला रडूच फुटलं.

"मी परत आत घेते ना तिला."

"कशी? आत घ्यायचं कामही तीच करते."

लिफ्टच्या पोकळीतून तपासनिसांचा आवाज आला. "इथे पूर्ण अंधार आहे. हे लिहू का?"

"लिहा साहेब," आई म्हणाली.

वॉचमनकाकांनी लिफ्टच्या यंत्राचं चाक हाताने फिरवून लिफ्ट वर आणली. पाऊण तास लागला. काकांच्या शर्टाचं पार फडकं झालं होतं. तपासनीस बॅटरीच्या उजेडात लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता वाचू लागले.

"जाळ्यात परकं यंत्र, एकही नाही."

आईने श्वास सोडला.

"इमारतीत परकी व्यक्ती, एक." त्यांनी कागद आईपुढे सरकवला. "कायम करता येणार नाही, बाई. पण आता बाराशे बारा वस्तू एकेक करून हाताने जोडायच्या आहेत. तेवढे दिवस या कामावर."

"किती दिवस होतील?"

"तीन महिने."

"मी रोज मदतीला आले, तर महिन्यात होईल," भिंगरी म्हणाली.

तपासनिसांनी खिशात ठेवलेलं पेन पुन्हा बाहेर काढलं, आणि तीनाचे सहा महिने केले.