दोन पडलेल्या दातांच्या मुलीचा शोध

श्री कुलस्वामिनी समर्थ. ऐकणारांनी सावकाश ऐकावे. लिहिणाराने पाहिले तेच लिहिले, पदरचे घातले ते फार थोडे. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, माघमासी ऐसे वर्तमान जाहाले की, राज्यातील बयाजी नाईक यांचे आपले कुटुंब म्हाळसाबाई यांशी बनेना, आणि बयाजींनी सहा वर्षांची कन्या चिमी हीस 'जत्रेस नेतो' म्हणोन उचलिले, आणि जत्रा राहिली बाजूस, तारवात बसोन समुद्रापलीकडे परराज्यात नेऊन ठेविले. मग म्हाळसाबाईंनी हुजुरांत अर्ज केला की, माझे लेकरू मज आणोन द्यावे. हुजुरांस दया आली आणि मुलीचे वर्णन लिहावयाची आज्ञा जाहाली. चिटणिसांनी लिहिले: वर्ण गव्हाळ, डोळे टपोरे, खालचे पुढील दोन दात पडलेले. मग पत्र परराज्यात गेले, आणि उत्तर आले की शिक्का वाकडा. मग शिक्का सरळ करोन धाडिला, तो उत्तर आले की भाषा आमची नव्हे. मग भाषा त्यांची केली, तो पावसाळा लागोन तारवे बंद. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. येथे तीन वर्षे गेली. बाई नित्य धक्क्यावर जाऊन पुसत, आणि ओळखीचे लोक त्यांस पाहोन वाट बदलीत. अखेर उत्तर आले की, 'मुलगी पाहिली. हिचे दात सगळे आहेत. सबब ही ती नव्हे.' बाईंनी कपाळास हात लाविला आणि लिहिणारास सोबत घेऊन त्या स्वतः तारवात बसल्या.

परराज्याचे न्यायाधीश वृद्ध होते. बाई त्यांस म्हणाल्या, "महाराज, लेकरू वाढतं, दात येतात. हे आपल्या दफ्तरी ठाऊक नाही काय?" न्यायाधीश शरमले आणि त्यांनी मुलीस आणविले. चिमी बापामागे उभी राहिली, आईकडे आली नाही, आणि लिहिणारासही ते पाहवले नाही. बयाजी म्हणाले, "माझी लेक मी आणली, यात चोरी कसली? तीन वर्षं इथं राहिली. हेच तिचं घर." मग न्यायाधीशांनी मुलीस पुसिले, "बाळ, तुझे घर कोणते?" मुलीने परकराच्या ओच्यातून लाकडी डबी काढिली आणि उघडोन पुढे धरिली. आत सहा दात होते.

"हे काय?"

"आईनं सांगितलं होतं, पडलेला दात आपल्या घराच्या कौलांवर टाकायचा. म्हणून ठेवले."

"इथे कौले नव्हती काय?"

"होती. बाबांची होती."

बयाजींनी मान खाली घातली. न्यायाधीशांनी मुलगी आईच्या हवाली केली, आणि बयाजी धक्क्यापावेतो तिचे गाठोडे घेऊन आले, आणि तारू दिसेनासे होईतो तेथेच उभे राहिले. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदन नाम संवत्सरे, चैत्रमासी मायलेकी घरी पोहोचल्या, आणि पाय धुण्याआधी चिमीने साही दात कौलांवर टाकिले. एक घरंगळोन खाली आला, तो आईने पुन्हा टाकिला आणि त्या तेथेच बसोन मोठ्याने रडल्या.

तात्पर्य, मुलगी आली. परंतु वर्णनाप्रमाणे दोन दात नसलेली कोणी सापडली नाही, सबब दफ्तरी शोध अद्याप चालू आहे. आणि चिमी निजली असता तिच्या मुखाकडे पाहात म्हाळसाबाईही तोच शोध करितात.