गोगलगायीचा हयातीचा दाखला

नामशेष झालेली गोगलगाय धायरीच्या प्रा. प्रेमला ओव्हाळ यांना सापडली, ही चूक सर्वस्वी त्यांचीच होती. निवृत्त माणसाने सकाळी पाय मोकळे करावेत आणि पोहे खायला घरी यावे. जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या या बाई मात्र सोसायटीमागच्या ओढ्यात वाकून दगड उलटत बसल्या. एका दगडाखाली नखाएवढी तपकिरी गोगलगाय निघाली. हिचे चित्र त्यांनी वर्षानुवर्षे फळ्यावर काढले होते, जिवंत कधी पाहिली नव्हती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. सोमवारी हा ओढा सिमेंटच्या नळात घालून वरून रस्ता जाणार आहे, हे आठवून आणखी आले. गोगलगाय जिवंत ठरली, तरच काम थांबणार होते.

बाईंनी तिला ओढ्याच्या पाण्यासकट मुरांब्याच्या बरणीत घातले आणि जलजीव कार्यालय गाठले. तिथले सर्जेराव साहेब म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय.

"मॅडम, ही जात गेल्या वर्षीच नामशेष झाली. रीतसर. आता ती अशी परस्पर जिवंत राहू शकत नाही."

"अहो, पण ही समोर आहे!"

"समोर असणं वेगळं, हयात असणं वेगळं. तुम्ही पेन्शनर ना? नोव्हेंबरात स्वतः जाऊन हयातीचा दाखला देताच की. हिलाही नियम तोच."

अर्जदाराने हालचाल करून दाखवावी, असे फर्मान निघाले. गोगलगाय घाबरून शंखात शिरली आणि तिने दार लावून घेतले. सरकारी कचेरीत शहाण्याने करावे तेच तिने केले. साहेबांनी बरणीवर पेनाने टकटक केली. जेवणाची सुट्टी होऊन गेली.

"हालत नाही. मृत लिहू?"

"जिवंत आहे हो ती! घाबरलीय."

"विचार करून सांगा. मृत असेल तर तुम्ही नुसता शंख आणलात. घरी न्या, शोकेसमध्ये ठेवा. जिवंत असेल तर दुर्मिळ प्राणी पळवल्याचा गुन्हा. काय लिहू?"

मृत म्हटले की ओढा गेला. बाईंनी पदराने कपाळ पुसले.

"जिवंत."

साहेबांनी उठून त्यांचे अभिनंदन केले आणि गुन्हा नोंदवला. गोगलगाय आता पुरावा झाली. पुरावा ओला नसावा म्हणून पाणी ओतून देण्यात आले आणि ती पाकिटात सीलबंद झाली.

"अहो, मरेल ती! आणि निदान ओढ्याचं काम तरी थांबवा!"

"कशासाठी? ओढ्यात होती ती तुम्हीच उचलून आणलीत. आता तिथे कोण आहे?"

सोमवारी सिमेंट पडले. पाकीट उघडेपर्यंत गोगलगायीनेही शासनाशी मतभेद ठेवला नव्हता.

पुढे शहरातल्या निसर्गप्रेमींनी तिची शोकसभा घेतली. सभागृह भरले, लोक हळहळले. नव्या रस्त्यामुळे धायरीहून यायला अजिबात वेळ लागला नाही, असे तुम्हीच तर शेजारी बसलेल्या प्रेमलाबाईंना सांगत होतात.