वर्बका सरांची टंचाई

शुक्रवार, दिनांक सोळा नोव्हेंबर दोन हजार अठरा रोजी, चेक प्रजासत्ताकाच्या मोराव्हिया भागातील डोल्नी क्लेनोव्ह या गावच्या शाळेत, सकाळी आठच्या घंटेबरोबर साम्यवाद सुरू झाला. तो दुपारच्या जेवणापर्यंत टिकायचा होता. इतिहासाचे शिक्षक राडोव्हान वर्बका यांनी त्याची आखणी उन्हाळ्याच्या सुट्टीपासून केली होती आणि तिच्यामागचा हेतू एकच होता: आठवीच्या मुलांनी मनसोक्त वैतागावे.

हेतू क्रूर वाटेल. पण वर्बकांची बाजू ऐकली पाहिजे. एकोणीसशे एकोणनव्वदपर्यंत चाललेल्या साम्यवादी राजवटीविषयी मुलांना जे ठाऊक होते, ते घरी रविवारच्या जेवणावर ऐकलेले. बिअर स्वस्त होती, घरांना कुलपे लागत नव्हती आणि उन्हाळी शिबिरांत पोहायला मिळत होते. या गोडव्यापुढे पुस्तकातला धडा टिकत नसे. तेव्हा धडा डोक्यात शिरत नसेल तर तो पायांतून चढवावा, चार तास थंडीत उभे करून, असे त्यांचे म्हणणे होते. आणि एखादे म्हणणे मांडले की समोरचा थकेपर्यंत ते मांडत राहणे, हा त्यांचा स्वभाव होता.

मुख्याध्यापिका इवोना बेरानोवा थकल्या होत्या, पण पुरत्या नव्हेत. गेल्या वर्षीच्या मध्ययुग-दिनी वर्बकांच्या गोफणयंत्राने सायकलींच्या शेडचे छप्पर फोडले होते. "हे बघा सर," त्यांनी बजावले होते, "मुलं घरी जाऊन ‘मजा आली’ म्हणाली, तर पुढच्या वर्षीपासून हा दिवस खेळाच्या सरांना. ते केव्हापासून चेंडूफेकीचे सामने मागतायत." सबंध वर्षात इतिहासाच्या वाट्याला येणारा हा एवढाच एक अखंड दिवस. तो चेंडूच्या स्वाधीन करायचा, या कल्पनेने वर्बकांची झोप उडाली होती. मुलांचा वैताग हा आता त्यांच्या जीवनमरणाचा प्रश्न होता.

व्यायामशाळेच्या चौकाकडील दारात त्यांनी टेबल मांडून दुकान थाटले. आत चादरीखाली, त्या काळी क्वचितच मिळणाऱ्या केळ्यांची खोकी होती. पण काय विकायचे आहे हे मुलांना मुद्दाम सांगितलेले नव्हते. मोबाइलला बंदी होती, मुलांचे जप्त झाले. सर्वांनी एकमेकांना ‘कॉम्रेड’ म्हणायचे होते. नियमांचा तक्ता दारावर डकवला होता. दुकानदारीण म्हणून वर्गातली सर्वांत आज्ञाधारक मुलगी, नेला पोस्पिखालोवा, हिची नेमणूक झाली आणि तिला एवढीच आज्ञा होती, की घाई करायची नाही.

पहिला अर्धा तास दृष्ट लागण्यासारखा गेला. मुले कुडकुडली, कुरकुरली, एकीने तर डोळ्यांत पाणी आणले. वर्बका कृतार्थ होऊन पाहत होते. एवढ्यात बाजाराची पिशवी घेऊन श्कोपकोवा आजी चौकातून चालल्या होत्या, त्या रांग पाहून थबकल्या आणि शेवटच्या मुलामागे जाऊन उभ्या राहिल्या.

तो मुलगा हिनेक. "काय मिळतंय रे?" आजींनी उभे राहिल्यानंतर विचारले.

"माहीत नाही, आजी. कुणालाच माहीत नाही."

"मग थांबलंच पाहिजे," आजी म्हणाल्या.

त्यांच्या पिढीचा हा जन्माचा हिशेब होता. पाटी लावून विकतात तो माल कुणालाही मिळतो. ज्याचे नाव कुणी घेत नाही आणि तरीही लोक उभे आहेत, ते सोडून कसे चालेल? आजींच्या मागे त्यांच्या मैत्रिणी आल्या, मग टपाल कचेरीतून बाहेर पडलेली निवृत्त मंडळी, मग औषधांच्या दुकानातले गिऱ्हाईक. दहा वाजेतो रांग चर्चला वळसा घालून पलीकडे गेली होती. वर्बका धावत जाऊन प्रत्येकाला सांगू लागले, की हा शाळेचा प्रकल्प आहे, येथे खरे काही नाही. "तेव्हाही असंच सांगायचे," एक म्हातारे शांतपणे म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

इथवर एक वेळ ठीक होते. परंतु या मंडळींनी मुलांना रांगेत उभे राहण्याची विद्या शिकवली. जागेवर पिशवी ठेवून फिरायला कसे जायचे, पाचांसाठी एकानेच कसे थांबायचे, ‘मी यांच्या पुढेच होतो’ हे डोळ्याला डोळा भिडवून कसे म्हणायचे, हे सारे तासाभरात त्यांच्या अंगवळणी पडले. जमिनीवर दप्तरे ओळीने उभी राहिली आणि मुले आळीपाळीने खेळायला मोकळी झाली. थर्मासातला चहा फिरू लागला. म्हाताऱ्यांच्या चहाला रमचा वास होता. कुणीतरी जुने मे-दिनाचे गाणे उचलले, आणि आठवीच्या वर्गाने त्यावर टाळ्यांचा ठेका धरला. वैतागाचे नाव उरले नाही.

वर्बकांनी दुकान बंद करवले. नेलाने ‘माल उतरवणे चालू आहे’ अशी पाटी लावली आणि आत जाऊन चांगली केळी टेबलाखाली सरकवली. हे तिला कुणी शिकवले नव्हते. पुन्हा दार उघडले तेव्हा तिच्याकडे हळूच येऊन, काही हातात देऊन, हळूच जाणाऱ्यांची वेगळीच रहदारी सुरू झाली. वर्बका आत डोकावले, तर त्यांच्या आज्ञाधारक विद्यार्थिनीच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती आणि समोर अक्रोडाचा केक.

"नेला, हे काय आहे?"

"आज नाही काही, कॉम्रेड. मंगळवारी बघा," नेला केक चावत म्हणाली.

तेव्हा वर्बकांनी अखेरचे अस्त्र काढले. जो दुसऱ्याची चहाडी करील त्याला रांगेत पुढची जागा, असे त्यांनी जाहीर केले. त्यांचा तर्क बिनतोड होता: संशय शिरला की हसणे थांबेल. प्रत्यक्षात मुलांना इतका आवडता खेळ आजवर शाळेने दिलाच नव्हता. एकमेकांना विचारून, ठरवून, हसून पोट धरत ती चहाड्या करू लागली. हिनेकवर त्याच्याच सख्ख्या मित्राने पोप असल्याचा आरोप ठेवला. आणि हिनेक आरोपांवर विचार करणाऱ्या विद्यार्थी-समितीपुढे उभा असतानाच कुणाच्या तरी खिशात मोबाइल वाजला.

तो खिसा वर्बकांचा होता. येताना पाव आणा, हे सांगायला बायकोने फोन केला होता.

हिनेकने दारावरच्या तक्त्याकडे बोट केले. नियम मोडणाऱ्या शिक्षकाला शिकवण्यावरून काढून हातकामाला लावण्यात येईल, हे कलम वर्बकांनी स्वतः, ऐतिहासिक अचूकतेच्या आग्रहापोटी, घातले होते. त्यांनी कलमाचा अर्थ, हेतू आणि व्याप्ती यांवर बोलायला सुरुवात केली.

"सर, वाद घालणं हाही गुन्हा आहे," हिनेक नम्रपणे म्हणाला. "त्याच्या खालचंच कलम. तुम्हीच घातलंय."

खेळ थांबवावा तर दिवस हातचा जाणार आणि शंभर म्हातारे केळ्यांवाचून घरी जाणार. म्हणजे चौकात खरीच क्रांती. वर्बकांनी कोट काढला, बादली घेतली, आणि ते शिडीवर चढून व्यायामशाळेच्या खिडक्या पुसू लागले.

दुपारी मुख्याध्यापिका नगरपालिकेतली बैठक आटोपून परतल्या, तेव्हा चौकात जत्रा भरली होती आणि त्यांचे इतिहासाचे शिक्षक फडका पिळत होते. मुलांनी त्यांना गराडा घातला. फार फार मजा आली, सोमवारीही साम्यवाद ठेवा, अशी सर्वांची एकमुखी मागणी होती. शिडीवर वर्बकांचा हात थांबला. बेरानोवा बाईंनी वर पाहिले.

"सर, आपलं काय ठरलं होतं?"

वर्बका मुद्दे मांडू लागले. रांग खरी होती, टेबलाखालचा माल खरा होता, चहाड्या खऱ्या होत्या. तेव्हा दोष असेल तर तो आनंदाचा आहे, मांडणीचा नाही. बोलता बोलता आवाज मात्र खाली खाली येत गेला. ओठांवर ‘चेंडूफेक’ हा शब्द आणण्याचे धैर्य त्यांना होत नव्हते.

"मी तेव्हा पहिलीत होते, मला काही आठवत नाही," बेरानोवा बाई त्यांना मध्येच तोडत म्हणाल्या आणि श्कोपकोवा आजींकडे वळल्या. आजींना नुकतीच दोन केळी मिळाली होती. "आजी, तुम्हीच सांगा. तेव्हा असं होतं का? हो म्हणालात तर दिवस यांचा. नाही तर खेळाच्या सरांचा."

आजींनी आधी केळे सोलले. मग टोपीवाल्या नेलाकडे पाहिले, गाणाऱ्या रांगेकडे पाहिले आणि शेवटी मान वर करून शिडीकडे पाहिले.

"असंच होतं," त्या म्हणाल्या. "दुकान जिच्या हातात ती मजेत. रांगेतले हसतखेळत. आणि मास्तर शिडीवर. आमचे हे लॅटिन शिकवायचे. मग त्यांना काढलं, आणि ते याच चौकातल्या खिडक्या पुसायचे."

गाणे कुठेतरी मध्येच तुटले. वर्बकांनी आयुष्यात प्रथमच वाद सोडला आणि फडका पुन्हा काचेवर टेकवला.

आजींनी काचेवर डोळे बारीक केले.

"फक्त त्यांचे कोपरे असे राहून जायचे नाहीत."